वाचून दाखविले

"वाचून दाखवलं होतं ना, नलूताई?" सुशांतसाहेबांनी केबिनच्या दारातून विचारलं आणि मी मान न उचलता "हो" म्हटलं. चहा झाला का, असं कोणी विचारलं असतं तरी मी तितक्याच वेळात हो म्हटलं असतं. त्यांच्या हातात एक कागद होता. लांबून मला फक्त खालच्या कोपऱ्यातला जांभळा अंगठा दिसला आणि अंगठ्याशेजारी माझी सही. "बस, मग काही प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले. "गुरुवारी हेड ऑफिसच्या अनुजा मॅडम येतायत. मीराबाई आणि त्यांची नात पण असेल. त्यांच्यासमोर एवढंच सांगायचं." ते आत गेले. शाखाधिकारी म्हणून त्यांना दोनच वर्षं झाली आहेत, दार हळू लावतात. मी समोरच्या फॉर्मवर शिक्का मारला, तो उलटा पडला. तीस वर्षांत माझा शिक्का उलटा पडलेला नाही. यात कौतुक काही नाही, शिक्क्याच्या मुठीला पुढच्या बाजूला एक खाच असते, ती बोटाला लागते, एवढंच. त्या मंगळवारी बोटाला काही लागलंच नाही.

आमची बँक सहकारी, लहानशी. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगारांनी काढलेली, म्हणून दर्शनी भिंतीवर टोपीवाल्या संस्थापकांचे फोटो आणि त्यांच्याखाली पितळी अक्षरांत 'आपल्या माणसांची बँक'. या आपल्या माणसांतल्या पुष्कळांना लिहिता येत नव्हतं, अजूनही काहींना येत नाही. त्यांच्यासाठी माझं टेबल. टेबलावर पाटी आहे 'चौकशी', पण चौकशीला कोणी येत नाही, लिहून घ्यायला येतात. पत्ता बदलायचा अर्ज, वारसाचं नाव लावायचा अर्ज, हरवलेल्या पासबुकाचा अर्ज. माणूस सुरुवात करतो ती गावच्या भाऊबंदकीपासून, मध्ये सुनेचा स्वभाव येतो, गुडघ्याचं ऑपरेशन येतं, आणि त्यातून मी तीन ओळी काढते. माझं अक्षर सुबक आहे. हेड ऑफिसला म्हणे लिफाफा न उघडताच कळतं की हा नलूताईंचा अर्ज. अंगठा लावणाऱ्यांच्या अर्जाला शेवटी एक ठरलेली ओळ असते: 'वरील मजकूर मला वाचून दाखविला व तो मला मान्य आहे.' खाली त्यांचा अंगठा, बाजूला माझी सही. ही ओळ मी किती हजार वेळा लिहिली असेल देव जाणे. खरोखर वाचून किती वेळा दाखवलं, ते मोजायला माझ्या हातांची बोटं पुरतील. ऐकायला कोणी थांबत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. "तुम्ही लिवलंय ना ताई, मग झालं," असं ते म्हणतात. खरंच म्हणतात. आणि ते ऐकून मला दर वेळी आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मीराबाईसुद्धा असंच म्हणायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने बारीक, परळच्या चाळीत राहतात. त्यांचे यजमान आणि माझे वडील एकाच गिरणीत होते. वडील साचेखात्यात, विणायला, यजमान रिंगखात्यात, सूत कातायला. त्यांच्या समाजाची माणसं विणायला का नसतात, असं मी लहानपणी एकदा बाबांना विचारलं होतं. "तसांच असता," बाबा म्हणाले होते आणि पेपर वाचायला लागले होते. यजमान गेल्यापासून मीराबाई दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनसाठी येतात. अंगठ्याच्या खातेदाराची ओळख अधिकाऱ्याने पटवायची असा नियम आहे. म्हणजे काउंटरवरून मला हाक येणार, मी उठणार, "ह्याच मीराबाई" म्हणून सही करणार, शाईचा पॅड पुढे करणार, आणि नंतर माझ्या ड्रॉवरमधला कापूस त्यांना देणार. "साडीला लावू नका हं, ही शाई निघत नाही." प्रत्येक वेळी हेच वाक्य. त्या हसून म्हणायच्या, "म्हाईत हाय ओ नलूताई." अंगठा पुसलेला कापूस त्या खाली टाकायच्या नाहीत, चुरगळून मुठीत घेऊन जायच्या. बँक घाण व्हायला नको म्हणून.

गेल्या ऑगस्टमध्ये मी फोनवर होते. साधा फोन, गॅसवाल्याचा. राजेशने काउंटरवरून दोनदा हाक मारली, मी बोटाने थांब म्हटलं. मीराबाईंच्या मागे दहा-अकरा माणसं खोळंबली होती, पंखा बंद होता, आणि राजेश त्या आठवड्यात दोन जणांचं काम एकटा करत होता. हे सगळं मी त्याच्या बाजूने सांगते आहे, कारण तो वाईट पोरगा नाही. तो मोठ्याने म्हणाला, "हे अंगठेबहाद्दर आले की लाइनची वाट लागते." रांगेतले दोघं-तिघं हसले. एक कोणी तरी कॉलेजातली मुलगी होती, तिने फोनमधून डोकं वर काढून पाहिलं की अंगठेबहाद्दर म्हणजे कोण. मी फोन ठेवून उठले तोवर मीराबाई रांगेतून बाहेर आल्या होत्या. पेन्शन न घेताच. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "नलूताई, लिवा. मी सांगते तसंच लिवा."

त्या थांबून थांबून बोलल्या, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून. "लिवा. मी अंगठेबहाद्दर नाय. मला माझं नाव लिवता येतं. रविवारी विहारात माझी नात प्रिती आम्हा बायांना शिकवते, मी दोन वर्सं जाते. आधी रेघा काढल्या, मग अक्षरं. बँकेत मी दोन टायमाला सांगितलं, माझा अंगठा काढा न् सही ठेवा. तर त्यांनी पुढच्या येळी करू म्हटलं. राजेशसायबांनी जे चारचौघांत म्हटलं, त्याची माफी चारचौघांत मागायची. आणि माझी सही कार्डावर घ्यायची. बस. दुसरं काय नको." पुढच्या वेळी करू म्हणणारी ती मीच. खात्याच्या कार्डावरचा अंगठ्याचा नमुना काढून सही घ्यायला एक फॉर्म लागतो, दोन फोटो, साहेबांची मंजुरी. वीस मिनिटांचं काम. दोन्ही वेळा मला घाई होती. कसली घाई होती ते आज आठवत नाही. मीराबाई माझ्याकडे बघत बोलत होत्या, पण 'तुम्ही' म्हणाल्या नाहीत, 'त्यांनी' म्हणाल्या. माझ्याच तोंडावर मला वाचवलं त्यांनी.

आणि मी लिहीत होते. त्या बोलत होत्या आणि माझा हात कागदावर चालत होता, त्यांना दिसत होतं की चालतोय. 'मा. शाखाधिकारी यांस. आज रोजी काउंटरवर गर्दीमुळे किरकोळ गैरसमज झाला होता. संबंधित कर्मचाऱ्यांनी मला सौजन्याने सहकार्य केले. गैरसमज दूर झाला असून माझी बँकेच्या कोणत्याही कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार नाही.' त्या 'माफी' म्हणाल्या तेव्हा मी 'सौजन्याने' लिहीत होते. साहेबांच्या केबिनमध्ये 'शून्य तक्रार शाखा' अशी ढाल आहे, लागोपाठ तीन वर्षांची. राजेशची बढती अडकली असती. माझं नाव आलं असतं. अशी कारणं मी नंतर गोळा केली, आणि ती सगळी खरी आहेत. पण त्या क्षणी मी एकाही कारणाचा विचार केला नव्हता. माणूस रागाने बोलतो, आपण कागदावर गोड करून घेतो, दोन दिवसांत तो विसरतो, हे मी इतकी वर्षं करत आले होते की ते मला माणुसकी वाटायला लागलं होतं. शेवटची ठरलेली ओळ लिहिली आणि पॅड पुढे केला. मीराबाईंनी पॅडकडे बघितलं. "सही करू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कार्डावर अंगठा आहे ना, मग ह्याच्यावर अंगठाच लागेल. हा शेवटचा हं, मीराबाई. यानंतर सहीच." त्यांनी अंगठा काढून टाकावा म्हणून केलेल्या अर्जावर अंगठा लावला. मी कापूस दिला. साडीला लावू नका, म्हटलं.

त्यानंतर आठ महिने त्या येत राहिल्या. राजेशच्या काउंटरवर तेच अंगठ्याचं चालू राहिलं. जाताना माझ्या टेबलापाशी थांबायच्या. "उत्तर आलं का ओ?" "वर गेलंय, मीराबाई. हेड ऑफिसचं काम हळू असतं." "बरं." एकदा दिवाळीत त्यांनी डब्यातून करंज्या आणल्या, म्हणाल्या, तुमच्या हातचं लिवलेलं हाय, उशीर लागंल पण काम होईल. करंज्या मी घरी नेल्या आणि खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. शेवटी प्रितीने, त्यांच्या नातीने, हेड ऑफिसला पत्र टाकलं की माझ्या आजीच्या तक्रारीचं काय झालं. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. हेड ऑफिसने शाखेला विचारलं, शाखेने फाइल काढली, आणि प्रितीला उत्तर गेलं की आपल्या आजींनी तक्रार नसल्याचे स्वतः लिहून दिले आहे, सोबत त्या कागदाची प्रत. त्यावर तिचं दुसरं पत्र आलं, एका ओळीचं: आजीला हे वाचून कोणी दाखवलं?

बुधवारी दुपारी राजेश माझ्या टेबलाच्या कडेला येऊन बसला. हातात दोन कटिंग. "नलूताई, टेन्शन नका घेऊ. तुम्ही हो म्हणालात ना, मग खल्लास. कागद बोलतो." मी म्हटलं, "राजेश, तू तेव्हा तसं का बोललास?" तो खरंच विचार करायला लागला, हे मला दिसलं. "कसं सांगू. मस्करीत गेलं तोंडातून. माझी आजी पण अंगठाच लावायची, आम्ही घरी तिला हेच बोलायचो. ती हसायची." मग थोडा वेळ चहा फुंकत राहिला. "सॉरी बोलायला माझं काय जातंय, ताई? तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर बोललो असतो. मला कुठे माहीत होतं त्यांनी सॉरी मागितलंय. कागदावर तर नाहीये तसं." तो उठून गेला. त्याला कल्पना नव्हती की तो काय बोलून गेला. माझा चहा तसाच राहिला, वर साय धरली.

संध्याकाळी मी चालत घरी निघाले. एप्रिल, म्हणजे लालबागला मिरचीचे दिवस. मसाल्याच्या दुकानांसमोर बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या, आत मसाला कुटायची यंत्रं, डंकन, धडधडत होती, आणि सबंध गल्ली खोकत होती. लोक खोकतात आणि तिथेच उभे राहतात, कारण मसाला आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायचा असतो. माझी आई अशी बसायची, नाकाला पदर लावून, एक मिरची इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. वजनावर तिचा विश्वास नव्हता, दुकानदारावर नव्हता, पत्र्याच्या डब्यावरही नव्हता. लोक म्हणायचे, अंबिका फार संशयी. ती मुळात तशी नव्हती. ती कधी झाली ते मला माहीत आहे, मला एकटीलाच माहीत आहे. करी रोडच्या पुलावर मी कठड्याला धरून थोडी उभी राहिले. आमची चाळ होती तिथे आता टॉवर आहे, त्यातल्या मागच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. आई दोन वर्षांपूर्वी गेली. घरी मी एकटी.

मी अकरा वर्षांची होते. आईला वाचता येत नव्हतं, आणि गावाहून आलेलं पत्र मी तिला वाचून दाखवायची. ती पोळपाटावर हात थांबवून ऐकायची. त्या वेळचं पत्र आधी बाबांच्या हाती पडलं. त्यांनी मला गॅलरीच्या टोकाला, नळापाशी नेलं. आईची आई, माझी गावची आजी, गेली होती. "तिका दिवस गेलेत," बाबा म्हणाले, "आताच धक्को नको. ती ओळ सोडून वाच." मी हुशार मुलगी. ती ओळ सोडली, पण सोडल्यावर पत्र फारच छोटं झालं, म्हणून माझ्या मनाने भर घातली. आजी बरी आहे, गाय व्याली, फणस खूप लागलेत. वाचताना अडखळले नाही. आई खूश झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, लिव, आणि मी लिहिलं. "आये, मी मे म्हयन्यात येतंय. तुका काय आणू तां कळव." पाकिटावर मी मेलेल्या बाईचं नाव घातलं, सुबक अक्षरात, आणि पेटीत टाकून आले. राधा जन्मली, माझी धाकटी बहीण, सव्वा महिना झाला, तेव्हा बाबांनी आईला सांगितलं. आई रडली नाही त्या वेळी. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मगे तां पत्र तू कोणाक लिवलंस?" मी बाबांकडे पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माका वाचूक येणा नाय, म्हणान तू माका कायपण वाचून दाखवशीत?"

त्यानंतर आईने मला एकही कागद वाचायला सांगितला नाही. पत्र आलं की दोन खोल्या सोडून कमळाबाईंकडे जायची, त्या तिसरी शिकलेल्या, बोट ठेवून वाचायच्या, अर्धा अर्धा तास लागायचा. मी पदवीधर झाले, बँकेत लागले, सगळ्या लालबागचे अर्ज लिहायला लागले, तरी लाइटचं बिल आई वॉचमनला दाखवायची. शेवटच्या आजारात मी औषधाची बाटली हातात घेऊन सांगत होते की ही झोपेची आहे, तर ती नर्सकडे बघत राहिली, नर्सने मान हलवली तेव्हा तोंड उघडलं. मला त्याचा राग यायचा. पंचेचाळीस वर्षं मी त्या रागात काढली की एका लहान मुलीची चूक ही बाई विसरत कशी नाही. त्या बुधवारी पुलावर उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की आई विसरली नाही कारण तिने मला नीट वाचलं होतं. तिला तेवढंच वाचता येत होतं.

मला सप्टेंबरमध्ये निवृत्त व्हायचं आहे. पाच महिने. चौकशी लागली तर निवृत्तीचं सगळं अडकून पडतं, आमच्याकडे एकाचं सहा वर्षं पडलं होतं. घरात दुसरं कोणी कमावणारं नाही. हे मी रात्रीच्या भाताला फोडणी देताना स्वतःला नीट, मोठ्याने सांगितलं. 'हो' म्हटलं की संपलं. वाचून दाखवलं होतं, त्यांच्या लक्षात राहिलं नसेल, वय झालंय. यातलं शेवटचं वाक्य मला न शोधता सुचलं.

गुरुवारी मीराबाई पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या. चौदा एप्रिलला नुकतीच नेसलेली असणार, इस्त्रीची घडी अजून जागेवर होती. प्रिती सोबत होती, चष्मा, खांद्याला फाइलची पिशवी. केबिनमध्ये सहा खुर्च्या दाटीने मांडल्या होत्या. सुशांतसाहेब, अनुजा मॅडम, त्या दोघी, राजेश आणि मी. डोक्यावर ती ढाल. अनुजा मॅडम चांगल्या बोलल्या, पाणी मागवलं, "आजी, आरामात बसा" म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, पण त्या काही विचारायच्या आत मीराबाईच बोलल्या. "बाई, एक सांगू? नलूताईंना काय इचारू नका. त्यांचा काय दोष नाय. ही माझी नात उगाच त्यांच्यावर संशय घेते. मी बोलत व्हते आणि त्या लिवत व्हत्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ह्यो कागद बदललाय कोणीतरी मागून. त्यांनाच द्या तो. त्या वाचतील न् सांगतील, की ह्यो माझा नव्हं."

कागद माझ्या हातात आला. प्रिती माझ्याकडे बघत होती. तिने तो वाचलेला होता, तिला अक्षर माहीत होतं, फॉर्मवर फॉर्म भरून घेताना तिने ते कितीदा पाहिलं असेल. आजीला तिने नक्की सांगितलं असणार आणि आजीने मानलं नसणार. "वाचा ना, नलूताई," मीराबाई म्हणाल्या. मी वाचायला लागले. गर्दीमुळे किरकोळ गैरसमज. माझा आवाज नेहमीचाच निघत होता, त्याचीच मला भीती वाटली. सौजन्याने सहकार्य. मीराबाई मान थोडी पुढे काढून ऐकत होत्या. कोणत्याही कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार नाही. इथे मी थांबले. "अजून हाय ना खाली?" त्या म्हणाल्या, "मला दिसतंय, एक ओळ हाय." मी ती ओळ वाचली. वरील मजकूर मला वाचून दाखविला व तो मला मान्य आहे. बाहेर टोकनचं यंत्र नंबर पुकारत होतं, त्रेसष्ट, काउंटर क्रमांक दोन.

"हे तुमचंच अक्षर हाय?" मीराबाईंनी विचारलं.

"हो."

"कोणी बदललं नाय?"

"नाही."

"नलूताई, रेकॉर्डसाठी सांगा," अनुजा मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी हे वाचून दाखवलं होतं?" सुशांतसाहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. मंगळवारचा 'हो' किती पटकन आला होता. 'नाही'ला वेळ लागत होता. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, "नाही. वाचून दाखवलं नव्हतं. आणि त्या जे बोलल्या ते मी लिहिलंही नव्हतं." मला वाटलं होतं की हे बोलल्यावर काही तरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. अनुजा मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं. मग म्हणाल्या की माझ्यावर स्वतंत्र चौकशी होईल, ती अंतर्गत बाब. राजेशविरुद्ध लेखी तक्रार आजमितीला रेकॉर्डवर नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल आज काही ठरवता येणार नाही. आजींना हवं तर आता नवी तक्रार देता येईल, पण घटनेला नव्वद दिवस होऊन गेल्याने ती दाखल होईलच असं नाही. सुशांतसाहेबांनी नकळत वर ढालीकडे पाहिलं. राजेश खाली मान घालून म्हणाला, "आजी, सॉरी." त्याचा आवाज इतका खोल गेला होता की चारचौघांतलं ते चौघांनाही नीट ऐकू गेलं नसेल. मीराबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्या हातातल्या कागदाकडेच बघत होत्या.

"प्रिती, तू लिव," त्या म्हणाल्या. नातीने लिहिलं, ऑगस्टमध्ये मी ऐकलं होतं तेच, त्याच क्रमाने; एक शब्द त्या विसरल्या नव्हत्या. फक्त एका जागी बदल होता. 'त्यांनी पुढच्या वेळी करू म्हटलं' याच्याऐवजी 'नलू मॅडमनी' आलं. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा मॅडम ऐकलं. लिहून झाल्यावर प्रितीने ते दोनदा वाचून दाखवलं, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. मग मीराबाईंनी पेन घेतलं. 'मी' ची वेलांटी त्यांनी सावकाश वर नेली, 'रा' पाशी थांबल्या, दम घेतला. पुरती दोन-तीन मिनिटं लागली असतील. सही झाली. ओळीवरून थोडी खाली उतरलेली, पण स्पष्ट, कोणालाही वाचता येईल अशी.

अनुजा मॅडमनी सुशांतसाहेबांकडून खात्याचं कार्ड मागून घेतलं आणि सहीशेजारी ठेवलं. कार्डावर अंगठा. "अडचण अशी आहे," त्या ओशाळून म्हणाल्या, "सही रेकॉर्डशी जुळत नाही. ह्याच मीराबाई, असं ओळखणाऱ्या एका अधिकाऱ्याने खाली लिहून द्यावं लागेल. साहेब तर नवीन आहेत. जुनं कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन उचललं. मला त्या वेळी खरोखर आनंद झाला, हे मी लपवत नाही. एवढं तरी मला त्यांच्यासाठी करता येणार होतं, जे मी दर महिन्याला करत आले होते, ह्याच मीराबाई. मी कागद माझ्याकडे ओढला, तेव्हा मीराबाईंनी त्याच्यावर हात ठेवला, सही पुसली जाणार नाही अशा बेताने, कडेला.

"यांची नको," त्या अनुजा मॅडमना म्हणाल्या. "या मला वळखत नाय."

"आजी, मग दुसरं कोणी नाहीये," अनुजा मॅडम म्हणाल्या. "ओळख नसेल तर कार्डावर आहे तसा अंगठाच घ्यावा लागेल, तो कार्डाशी जुळला की साक्षीला मी चालेन." प्रिती काही तरी बोलायला लागली, नियमाचं कलम, आवाज चढवून. मीराबाईंनी तिचा दंड धरून तिला गप्प केलं. पॅड टेबलावरच होता, माझ्याच बाजूला. तो त्यांनी स्वतः ओढून घेतला, झाकण उघडलं, आणि सहीच्या शेजारी अंगठा लावला. नीट, कडा न पसरता, मीच त्यांना शिकवलं होतं तसा. माझा हात सवयीने पर्समध्ये गेला. येताना ड्रॉवरमधून कापूस घेऊन आले होते, का ते माहीत नाही. मी तो पुढे केला. त्यांनी बघितला. मग त्या खुर्चीचा आधार घेऊन उठल्या, आणि उठता उठता अंगठा पदराला पुसला, त्या पांढऱ्याशुभ्र साडीच्या पदराला, एकदा आणि परत एकदा. ती शाई निघत नाही, हे त्यांना माहीत होतं. दर महिन्याला मीच तर सांगत होते.